अजिंठा-वेरूळ दाराशी, पण भिंतीवरचा मजकूर उद्या वाचणार कोण? प्राचीन इतिहास, पाली, प्राकृत या विषयांचं विद्यापीठात नेमकं काय चाललंय?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. अजिंठा-वेरूळएवढी गर्दी तिथे नसते. १९५०च्या दशकात तिथला राडारोडा हटवताना एका यक्षाची मूर्ती मिळाली. बुटका, हसरा, डोक्यावर परडीसारखं भांडं घेतलेला यक्ष. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ कोरलेली आहे. तिचा अर्थ एवढाच, की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवली.

कण्ह म्हणजे कृष्ण. आपण आज ज्याला कान्हा म्हणतो, तोच शब्द. भाषा प्राकृत, काळ साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. राजाचं नाही, सेनापतीचं नाही, एका कारागिराचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं. ते पोहोचलं कारण कुणीतरी ब्राह्मी शिकलं होतं, कुणालातरी प्राकृत येत होतं आणि त्या दोघांना पगार देणारी एखादी संस्था होती.

आता मुद्दा असा, की हे शिकवणारे विभाग आज अडचणीत आहेत. हे फक्त आपल्याकडेच होतंय असंही नाही. जगभर प्राचीन इतिहास आणि जुन्या भाषांचे विभाग बंद होतायत, विलीन होतायत किंवा एखाद्-दुसऱ्या शिक्षकावर चालतायत. पण ज्या शहराच्या आसपास दोन जागतिक वारसास्थळं आहेत, तिथे हा प्रश्न जरा जास्तच टोचतो.

म्हणून हा सगळा विषय नीट समजून घेऊ.

आधी हे सांगा, हे विषय नक्की कोणते?

युरोप-अमेरिकेत ‘क्लासिक्स’ म्हटलं की ग्रीक आणि लॅटिन भाषा, त्यांचं साहित्य आणि त्या काळाचा इतिहास असा अर्थ होतो. आपल्याकडे हे काम एका विभागात होत नाही, ते वाटलं गेलंय.

एक भाग भाषांचा. संस्कृत, पाली, प्राकृत, अर्धमागधी. मराठवाड्यापुरतं बोलायचं तर यात फारसीही धरावी लागते, कारण मोगल आणि निजाम काळातला बराच कागद फारसीत आहे.

दुसरा भाग प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व. नाणी, मूर्ती, लेणी, उत्खनन हे सगळं यात येतं.

तिसरा भाग लिपींचा. ब्राह्मी, तिच्यापासून पुढे बदलत आलेल्या लिप्या आणि अलीकडच्या काळातली मोडी. याला वेगळा विभाग बहुतेक ठिकाणी नसतो. एखाद्या पेपरात किंवा प्रमाणपत्र अभ्यासक्रमात तो उरकला जातो.

गंमत अशी, की यातला एक भाग गळाला की बाकीचे दोन लंगडे होतात. लिपी येते पण भाषा येत नाही, तर अक्षरं वाचता येतात, अर्थ लागत नाही. भाषा येते पण इतिहास माहीत नाही, तर अर्थ लागतो पण तो राजा कोण, ते गाव कुठलं हे कळत नाही.

संभाजीनगरमध्ये हे विषय रुजले कसे?

याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं. एक नागसेनवन आणि दुसरं विद्यापीठ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये इथे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केलं. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. मिलिंद आणि नागसेन ही दोन्ही नावं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथातली आहेत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू. शहरातल्या एका परिसराचं नाव थेट पाली ग्रंथातून आलंय, हे आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात असतं?

बाबासाहेबांचं या भाषांशी नातं सोपं नव्हतं. शाळेत त्यांना संस्कृत शिकायचं होतं, पण ते नाकारलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या बळावर शिकून घेतलं. पालीवर तर त्यांनी व्याकरण आणि शब्दकोशाचं काम केलं. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या मालेत सोळावा खंड या कामाचाच आहे.

१९५६च्या धर्मांतरानंतर मराठवाड्यात आणि विदर्भात पाली ही केवळ अभ्यासाची भाषा राहिली नाही. घरात, विहारात रोज म्हटल्या जाणाऱ्या वंदनेची ती भाषा झाली. त्यामुळे पाली विभाग टिकणं न टिकणं हा इथे फक्त वेळापत्रकाचा प्रश्न नसतो.

दुसरं ठिकाण विद्यापीठ. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. इथल्या इतिहास विभागाचं नावच ‘इतिहास व प्राचीन भारतीय संस्कृती’ असं आहे. शिवाय पाली आणि बौद्ध अध्ययनाचा वेगळा विभाग आहे, संस्कृत आहे. परिसराच्या मागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. विद्यार्थ्याला प्रात्यक्षिकासाठी फार लांब जावं लागू नये, अशी ही जागा.

आणि सुरुवातीच्या काळात इथे काम झालंही. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक रमेश शंकर गुप्ते इथेच होते. अजिंठा, वेरूळ आणि औरंगाबाद लेण्यांवरचं त्यांचं आणि बी. डी. महाजनांचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. १९७३ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि नागपूर विद्यापीठाने मिळून भोकरदनला उत्खनन केलं. गुप्ते आणि नागपूरचे शां. भा. देव यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी प्रसिद्ध केला.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. या गावच्या माणसांनी दिलेल्या दानांचे उल्लेख थेट मध्य प्रदेशातल्या सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर आहेत. भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशीच मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेई शहरात सापडली होती, जे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्येही याच जातीची मूर्ती मिळाली आहे.

म्हणजे आज तालुक्याचं गाव असलेल्या भोकरदनचा रोमशी संबंध होता, हे आपल्याला विद्यापीठाच्या एका विभागामुळे कळलं.

ग्रीक-लॅटिनचा मराठवाड्याशी काय संबंध?

संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. त्यात भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे तेर, अशी नोंद आहे. पैठणहून मौल्यवान दगड आणि तेरहून तलम कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं, असं तो लिहितो. नंतरचा टॉलेमी पैठणला पुळुमावीची राजधानी म्हणतो.

पुढे मोगल काळाचंही तसंच. मराठवाड्याचे अभ्यासक सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधनं मराठीत आणली, म्हणून मराठी वाचकाला मोगल दरबाराच्या कागदांत आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचता आलं.

सांगायचं इतकंच, की आपला इतिहास एका भाषेत लिहिलेला नाही. तो प्राकृत, संस्कृत, पाली, ग्रीक, फारसी आणि मोडीतल्या मराठीत विखुरलेला आहे.

मग घोडं अडलं कुठे?

‘मुलांना आवडच नाही’ हे उत्तर सगळ्यात सोपं आणि अर्धवट आहे. खरी अडचण साखळीत आहे. तिच्या कड्या एकेक करून पाहू.

पहिली कडी शाळेची. राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमात प्राचीन भारत मुख्यतः सहावीत येतो. सातवीपासून पुढचा काळ सुरू होतो. दहावीत उपयोजित इतिहास आहे. प्राचीन काळ पुन्हा नीट भेटतो तो अकरावीत, तोही इतिहास विषय घेतला तर. म्हणजे विज्ञान शाखेकडे जाणाऱ्या मुलाचा सातवाहनांशी शेवटचा संबंध वयाच्या अकरा-बाराव्या वर्षी संपतो.

संस्कृतचं आणखी वेगळं. दहावीला संपूर्ण किंवा संयुक्त संस्कृत घेणारी मुलं खूप असतात. पण त्यातली बरीचशी ‘पैकीच्या पैकी मार्क पडतात’ म्हणून घेतात. निकाल लागला की वही रद्दीत.

दुसरी कडी कार्यभाराची. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते, पण सगळा खेळ इथेच आहे. अनुदानित महाविद्यालयात शिक्षकाचं पद ठरतं ते तासिकांवरून. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं अपेक्षित आहे.

समजा, एका महाविद्यालयात पालीचे तीन वर्ष मिळून आठवड्याला १६ तास भरतात. एक पूर्ण पद झालं. एके वर्षी तिसऱ्या वर्षाला पाली घेणारं कुणी उरलं नाही. तास दहावर आले. आता पूर्ण पदाचा कार्यभार भरत नाही. तेवढ्यात जुने सर निवृत्त होतात. नवी पूर्णवेळ नेमणूक होत नाही, तासिका तत्त्वावर कुणीतरी येतं. त्या शिक्षकाला तासाप्रमाणे पैसे, तेही ठरावीक महिन्यांपुरते. पुढच्या वर्षी आपण असू की नाही, हे त्यालाच माहीत नसतं. प्रवेशाच्या वेळी मुलं विचारतात, ‘या विषयाला सर आहेत का?’ उत्तर ऐकून ती दुसरा विषय घेतात. तास आणखी कमी होतात.

यात कुणी ‘विषय बंद करा’ असा आदेश काढलेला नसतो. फाईलवर कुणाची सहीसुद्धा नसते. विषय आपोआप बंद पडतो.

तिसरी कडी नोकरीची आणि स्पर्धा परीक्षेची. शहरातल्या अभ्यासिकांमध्ये आजही हजारो मुलं प्राचीन इतिहास वाचतायत. हडप्पा, अशोक, सातवाहन, वाकाटक सगळं पाठ. पण ते चार पर्यायांतून एक निवडण्यापुरतं. त्यातून लेख वाचणारा अभ्यासक तयार होत नाही आणि तसा उद्देशही नसतो.

पालीला तर थेट फटका बसला. २०१३ मध्ये यूपीएससीने मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली साहित्य वगळलं. त्याच वेळी फारसी, अरबीसह आणखी काही भाषाही गेल्या. संस्कृत साहित्य मात्र राहिलं. अनेक विद्यार्थ्यांसाठी पाली हा एकाच वेळी आपलेपणाचा आणि करिअरचा विषय होता. त्यातली दुसरी बाजू एका निर्णयात गळाली.

पण या विषयांचा ‘उपयोग’ काय?

हा प्रश्न उद्धट वाटला तरी रास्त आहे. आई-वडील फी भरतात, सरकार पगार देतं, तर विचारायलाच हवं.

एक उत्तर अगदी ताजं आहे. मराठवाड्यात निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, तुरुंग, जिथे जिथे जुनं दप्तर होतं ते बाहेर काढलं गेलं. तेव्हा लक्षात आलं, की यातला बराच मजकूर मोडीत आणि उर्दू-फारसीत आहे. मग मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचं मत काहीही असो, लाखो कुटुंबांच्या आयुष्याशी जोडलेला कागद वाचायला माणूस लागतो आणि तो ऐनवेळी तयार करता येत नाही, हे त्या काळात सगळ्यांनी पाहिलं.

दुसरं उत्तर अजिंठ्याचं आहे. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा संस्कृत लेख आहे. दगड झिजलेला, अक्षरं उडालेली. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला, नंतर जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी. पण वंशावळीतली नावं नीट जुळत नव्हती. १९३९ मध्ये वाशिमला एक ताम्रपट मिळाला. त्याच्या आधारे वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला आणि सर्वसेन या राजाचं नाव पक्कं झालं. वत्सगुल्म, म्हणजे वाशिम, ही वाकाटकांच्या वेगळ्या शाखेची राजधानी होती आणि अजिंठ्याचा तो लेख याच शाखेचा, हे चित्र त्यातून स्पष्ट झालं. मिराशींचं हे काम निजामाच्या पुरातत्त्व खात्याने १९४१ मध्ये छापलं.

एका नावाच्या वाचनाने वाशिम आणि अजिंठा जोडले गेले. मिराशी संस्कृतचे प्राध्यापक होते. तो विभाग त्या काळी ‘विद्यार्थी कमी’ म्हणून बंद झाला असता, तर?

तिसरं उत्तर पोटापाण्याचं. पुरातत्त्व खातं, संग्रहालयं, पुराभिलेखागार, हस्तलिखितांचं डिजिटायझेशन, पर्यटन मार्गदर्शन ही कामं आहेत. ती फार नाहीत, हेही खरं. एका जागेसाठी मोठी रांग असते. ‘हा विषय घ्या, नोकरी नक्की’ असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

एआय वाचेल की! मग माणूस कशाला?

हा प्रश्न आता कमेंटमध्ये हमखास येतो.

यंत्र मदत करू शकतं. झिजलेल्या अक्षरांचे फोटो स्पष्ट करणं, छापील मजकूर ओळखणं, हजारो लेखांत एखादा शब्द शोधणं यात यंत्राचा वेग माणसाला नाही. पण त्याला शिकवायला आधी माणसांनी अचूक वाचलेले नमुने लागतात. आणि यंत्राने दिलेलं वाचन बरोबर की चूक, हे ठरवायलाही वाचणाराच लागतो. अजिंठ्याच्या लेखात दोन जाणकारांची वाचनं अपुरी ठरली आणि तिसऱ्याने ती दुरुस्त केली. दुरुस्त करणारा तिसरा नसेल, तर पहिली चूकच इतिहास म्हणून फॉरवर्ड होत राहील.

अभिजात दर्जा मिळाला, मग आता चिंता कशाला?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीलाही तो मिळाला. देशातल्या अभिजात भाषा अकरा झाल्या.

आपण फटाके मराठीसाठी फोडले. पण मराठीच्या दाव्याचा पाया कशावर होता? रंगनाथ पठारे समितीने मांडलेल्या पुराव्यांत महाराष्ट्री प्राकृत, हाल सातवाहनाची ‘गाथासप्तशती’, नाणेघाटातला शिलालेख यांना महत्त्वाचं स्थान होतं. नाणेघाटचा लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृतात आहे. म्हणजे मराठी जुनी आहे हे सिद्ध करायला प्राकृत वाचणारे अभ्यासक लागले. आणि हाच प्राकृत विषय आज राज्यातल्या मोजक्या ठिकाणी उरलाय.

दर्जाने काय मिळतं? अभिजात भाषांच्या अभ्यासकांसाठी राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पुरस्कार, अभ्यासाचं उत्कृष्टता केंद्र आणि केंद्रीय विद्यापीठांमध्ये अध्यासन, अशी ही योजना आहे. यात जिल्ह्याच्या महाविद्यालयातलं रिकामं पद भरलं जाईल, असं कुठेही नाही. वर केंद्र उभं राहिलं आणि खाली पदवीला शिकवणारा नसला, तर त्या केंद्रात येणार कोण?

नवं शैक्षणिक धोरण: तारणार की मारणार?

दोन्ही शक्यता आहेत.

धोरणात लिहिलेलं आशादायक आहे. संस्कृतसोबत पाली, प्राकृत आणि फारसी शाळांमध्ये पर्याय म्हणून उपलब्ध व्हावी आणि या तीन भाषांसाठी राष्ट्रीय संस्था असाव्यात, असं २०२०च्या धोरणात म्हटलंय. पदवीला ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा भाग आलाय. विज्ञानाचा विद्यार्थीही आता इतिहासाचा एखादा पेपर घेऊ शकतो.

धोका अंमलबजावणीत आहे. दोन श्रेयांकांचा पेपर म्हणजे साधारण तीस तासांचं शिकवणं. तीस तासांत ब्राह्मीची ओळख होते, ब्राह्मी येत नाही. शिवाय हे पेपर शिकवायचे कुणी? जाणकार नेमला नाही, तर ज्याचा कार्यभार कमी पडतो त्याच्याकडे तो पेपर जातो. मग ‘आपले पूर्वज किती महान’ एवढ्यावर विषय आटोपतो. पितळखोऱ्याच्या कण्हदासाचं नाव त्यात येत नाही, कारण ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

थोडक्यात, विषयाचं नाव सगळीकडे आणि विषय कुठेच नाही, अशी वेळ येऊ शकते.

जगात काय चाललंय?

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी ऐतिहासिक महत्त्व असलेल्या हॉवर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये आपला क्लासिक्स विभाग बरखास्त केला. काही शिक्षक आणि अभ्यासक्रम दुसऱ्या विभागांत गेले. त्याच वर्षी प्रिन्स्टनने क्लासिक्सच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिनची सक्ती काढली, म्हणजे जास्त मुलं येतील. ब्रिटनमध्ये शेफील्ड विद्यापीठाने पुरातत्त्व विभाग बंद करायचं ठरवलं, तेही २०२१ मध्येच. जानेवारी २०२५ मध्ये कार्डिफ विद्यापीठाने खर्च कपातीच्या प्रस्तावात प्राचीन इतिहासाचं नाव घेतलं.

तिकडच्या वादात एक मुद्दा वारंवार येतो. हे विषय उच्चभ्रूंचे होते, सत्ता आणि वंशवादाला आधार देणारे होते, मग ते का टिकवायचे?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. ज्या भाषेचं दार शतकानुशतकं बहुसंख्यांना बंद होतं, तिच्या विभागाबद्दल सगळ्यांना सारखंच ममत्व वाटावं, अशी अपेक्षा करणं चूक आहे. पण मराठवाड्यात या प्रश्नाचं एक उत्तर प्रत्यक्ष घडलेलं आहे. ज्या समाजाला संस्कृतच्या वर्गातून बाहेर ठेवलं गेलं, त्यानेच पाली जवळ केली आणि प्राचीन भारताकडे स्वतःच्या नजरेने पाहिलं. अशा वेळी पालीचं पद रिकामं राहणं म्हणजे पहिल्यांदा उघडलेलं दार पुन्हा लोटून घेणं. ते मुद्दाम झालं काय किंवा हलगर्जीपणाने झालं काय, बाहेर राहणाऱ्याला फरक पडत नाही.

विद्यार्थी इतके कमी, तर विभाग विलीन केले तर बिघडलं कुठे?

प्रत्येक विलीनीकरण वाईट नसतं. पाली, प्राकृत, संस्कृत आणि प्राचीन इतिहास एका छताखाली आले, तर विद्यार्थ्याला ते जोडून शिकता येतील. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आणि भाषाशास्त्र शेजारी शेजारी वाढले. तिथल्या संस्कृत शब्दकोशाच्या प्रकल्पाचं काम १९४८ पासून चालू आहे. असं काम पाच वर्षांच्या हिशोबात बसतच नाही.

पाहायचं एवढंच, की विलीन केल्यावर पदं राहतायत की जातायत. चार विभागांचे चार शिक्षक एका विभागात आले, तर ती जोडणी. चार विभाग मिळून एक शिक्षक उरला, तर त्याला विलीनीकरण म्हणणं म्हणजे बंद दुकानाला नवी पाटी लावणं.

मग करता काय येईल?

यातल्या काही गोष्टींना फार पैसा लागत नाही.

• प्रत्येक महाविद्यालयात पालीचं वेगळं पद टिकत नसेल, तर शहरातल्या तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एक पूर्णवेळ शिक्षक ठेवावा. नव्या श्रेयांक पद्धतीत विद्यार्थी दुसरीकडे जाऊन पेपर करू शकतो.

• कमी विद्यार्थ्यांच्या विषयांना कार्यभाराचा वेगळा निकष हवा. बीकॉमच्या वर्गाला लावलेली फूटपट्टी प्राकृतला लावली, तर प्राकृत हरणारच.

• लेणी आणि संग्रहालयं हीच प्रयोगशाळा व्हावी. विद्यापीठाच्या शेजारी लेणी आहेत, सोनेरी महालात राज्य पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं शासकीय संग्रहालय आहे. लामतुरे हे कुठल्या विद्यापीठाचे प्राध्यापक नव्हते. शेतात, टेकाडात मिळालेल्या वस्तू ते जपत गेले.

• मोडी आणि ब्राह्मीचे वर्ग शनिवार-रविवारी, नोकरी करणाऱ्यांसाठीही असावेत. तलाठी, वकील, पत्रकार, गाइड या सगळ्यांना त्याचा उपयोग आहे.

तुम्हाला शिकायचं असेल तर?

पुरातत्त्वाच्या एमएसाठी अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. पाली, प्राकृत, संस्कृत आणि पुरातत्त्व या चारही विषयांत नेट परीक्षा देता येते. मोडी आणि ब्राह्मीचे अल्पमुदतीचे वर्ग अधूनमधून निघत असतात. प्रवेश घेण्याआधी मात्र विभागात जाऊन दोन गोष्टी विचारा: पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि प्रत्यक्ष क्षेत्रभेटी होतात का. उत्तरावरून बरंच काही कळेल.

पालीचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर धीर देणारी एक गोष्ट आहे. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकण्यासाठी नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश असे वणवण फिरले, कारण शिकवणारं इथे कुणी नव्हतं. परत आल्यावर १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. एक माणूस बाहेरून शिकून आला आणि विषय उभा राहिला.

पण कोसंबींना जाण्यासाठी श्रीलंका तरी होती. पितळखोऱ्याच्या भिंतीवरची प्राकृत, भोकरदनच्या टेकाडातली खापरं आणि तहसीलच्या दप्तरातली मोडी शिकायला बाहेर कुठे जाणार? ती इथलीच आहे. पुढच्या वेळी वेरूळला गेलात, तर पंधराव्या लेण्यात, दशावतार लेण्यात, थोडं थांबा. तिथे राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाच्या काळचा संस्कृत लेख आहे. सोबतच्या गाइडला विचारा, यात काय लिहिलंय. त्याने सांगितलं, तर त्याला ते कुणी शिकवलं, हेही विचारा.